कौस्तुभच्या गाडीची किंकाळी

कौस्तुभ पहाटे गाडी सुरू करायचा तेव्हा इंजिनातून आधी एक किंकाळी निघायची. फरशीवरून पत्रा ओढावा तशी. चांदे गावातल्या त्या आळीतली कुत्री उठायची, कोंबड्या फडफडायच्या आणि ओसरीवर झोपलेले घरमालक हैबतराव अंथरुणात ताठ बसायचे. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत आवाज विरून जाई. तोवर हैबतरावांची झोपही गेलेली असे.

दिवाळीपासून त्यांनी सोसलं. मग एका पहाटे ते घोंगडी पांघरून फाटकातच उभे राहिले.

"कौस्तुभराव, ह्यो आवाज बंद करा."

"शनिवारी नक्की गॅरेजला दाखवतो, काका."

"तुमचा शनिवार लई दिवस झालं येतोय. म्हाताऱ्या माणसाचा पहाटंच तर डोळा लागतो. ह्या महिन्यात आवाज थांबला न्हाई, तर दुसरी खोली बगा."

याआधी कौस्तुभ आणि त्याची बायको ऋतिका भूगावला फ्लॅटमध्ये राहत होते. तिथे टँकर आला की ऑफिसची मीटिंग सोडून बादल्या भरायला धावावं लागे. इथे विहिरीचं पाणी होतं, हिंजवडीचं ऑफिस जवळ होतं, आणि हैबतरावांच्या पत्नी सारजाबाई रोज सकाळी लाडीच्या धारोष्ण दुधाचा तांब्या दारात ठेवत. लाडी म्हणजे दिवाळीत माले गावाहून आणलेली म्हैस. ही खोली सोडायची कल्पनाही त्याला सहन होईना.

त्याने आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं भराभर आली. एकाला ऑल्टरनेटर गेल्याची खात्री होती, दुसऱ्याला एसीचा कॉम्प्रेसर. निरंजनने लिहिलं, "भावा, विकून टाक."

"इतक्या जणांनी ऐकलं, पण बॉनेट कुणीच उघडलं नाही," ऋतिका म्हणाली. ती पिरंगुटला औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती आणि अंदाजांवर तिचा विश्वास नव्हता. तिने इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आणली. "चालू कर. मी फॅनबेल्टवर लांबून पाणी मारते. आवाज क्षणभर थांबला, तर पट्टा झिजलाय किंवा वाकडा चालतोय. वाढला, तर सैल आहे."

तिने पाणी मारलं. आवाज असा वाढला, की शेजारच्या रंभाबाई हातातलं सूप घेऊन बाहेर आल्या.

"सैल आहे," ऋतिका समाधानाने म्हणाली.

"मग शनिवारी ताणून घेऊ," कौस्तुभ म्हणाला.

हे सगळं सारजाबाई गोठ्याच्या दारातून पाहत होत्या. पोरांची खोली जावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्यांच्या घरात जे जे कुरकुरे, त्याला त्या तेल लावत. दाराची बिजागरी, पाळण्याची कडी, विहिरीचा रहाट, सगळे तेलाने गप्प झालेले. संध्याकाळी कौस्तुभ बॉनेट उघडं ठेवून फोनवर बोलत आत गेला, तेव्हा त्या गोडेतेलाची वाटी घेऊन आल्या आणि पट्ट्याला हात पोचेल तिथवर मायेने तेल चोळून गेल्या.

दुसऱ्या पहाटे गाडी किंचाळली ती थांबलीच नाही. शेजारच्या नांदे गावापर्यंत ती सलग ओरडत गेली. वाटेत भज्यांचा वास आला, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि अखेर गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली.

गॅरेजवाल्या शंभूने बॉनेट उघडून नाक वर केलं. "साहेब, ह्याच्यात तळण काढलं काय?"

पट्टा नुसता फिरत नव्हता, घसरत होता. तेलाने भिजलेला पट्टा काढून शंभूने पुल्या धुतल्या, नवा पट्टा बसवला, ताण नीट केला. गाडी सुरू झाली. कौस्तुभने कान देऊन ऐकलं. काहीच नाही. नुसती इंजिनाची घुरघुर. त्याने तिथेच ऋतिकाला फोन लावला. "गप्प झाली! खोली वाचली!"

संध्याकाळी त्याने हैबतरावांना पेढे दिले. दुसऱ्या दिवशी हैबतराव ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. मात्र दारात दुधाचा तांब्या आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ऋतिका कोरा चहा घेऊन गोठ्यात गेली, मागोमाग कौस्तुभही.

"पान्हाच सोडंना बया," सारजाबाई कासेला हात लावून रडकुंडीला आल्या होत्या. "डाक्टर बघून गेला. म्हशीला कायबी झालं न्हाई म्हनं."

"दृष्ट लागलीया," हैबतराव मागून म्हणाले. मग त्यांची नजर गाडीकडे गेली. "ती गाडी नीट झाल्यापास्नं हे चाललंय. काय लावलंत तिला, कौस्तुभराव? म्हैस आटली, तर मी कुनाचंबी ऐकायचो न्हाई."

खोली पुन्हा हातातून चालली होती.

ऋतिका मात्र लाडीकडे पाहत होती. लाडी वैरणीला तोंड लावत नव्हती. मान वळवून, कान टवकारून ती फाटकाजवळच्या गाडीकडे एकटक बघत होती.

"काकू, तुम्ही धारेला बसता, तेव्हाच ह्याची गाडी सुरू होते ना?"

"व्हय. गाडी वरडली, की मी कास धुती. रोजचंच हाय. लाडी आल्यापास्नं. रविवारी गाडी न्हाई, तवा थोडं दूध चोरतीच बया."

"मग ती त्या आवाजाचीच वाट बघतेय. तिच्या लेखी तो झाल्याशिवाय धार नाही. कौस्तुभ, फोन दे."

ग्रुपवरचं रेकॉर्डिंग अजून तसंच होतं. तिने ते मोठ्या आवाजात लावलं. गोठ्यात किंकाळी घुमली. कुत्री उठली. लाडीने कान पाडले, एक लांब सुस्कारा सोडला, आणि सारजाबाईंच्या हातातल्या चरवीत पहिली धार सर्रकन पडली.

चरवी भरत आली, तेव्हा हैबतरावांनी घसा खाकरला. "तेवडं ते… माज्या फोनात टाकून द्या."

"आणि खोलीचं, काका?" कौस्तुभने विचारलं.

"कसली खोली?" हैबतराव म्हणाले. "ऱ्हावा की निवांत."

रविवारी कौस्तुभला सुट्टी होती. पहाटे खिडकीखालून ती जुनी किंकाळी घुमली आणि तो अंथरुणात ताठ बसला. बाहेर हैबतराव लाडीच्या कानाशी फोन धरून उभे होते.

"सुट्टीच्या दिवशी तरी!" तो पुटपुटला. "बोलू का काकांशी?"

"झोप," ऋतिका कूस बदलत म्हणाली. "दूध आलं, की उठव मला."