काम कुठं बसून करता?

कुणाची ओळख झाली की शेंडेकाका नावाच्या आधी विचारायचे, “काम कुठं बसून करता?” साताऱ्यात ते आयकराचे सल्लागार, मी त्यांची टायपिस्ट. नोकरी मागायला गेले तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं.

“अजून कुठंच नाही.”

“मग इथं बसा,” म्हणाले. झाली मुलाखत.

गावात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते तेव्हाची गोष्ट. वाईची वैशाली मस्कतच्या एका कंपनीत प्रोग्रामर होती. वडील निवृत्त सुभेदार. त्यांना अर्धांगवायू झाला म्हणून ती परत आली. कंपनीनं तिला सोडलं नाही. घरीच प्रोग्राम लिहायची, फ्लॉप्या कुरिअरनं धाडायची. पगार मात्र मस्कतच्या बँकेत. दूर विश्रामबागेत राहणारा तिचा भाऊ फोनवर सांगायचा, “कंपनी तिकडची, बँक तिकडची, इथं कोण विचारतंय?” तरी कर कुठं भरायचा, हे विचारायला ती काकांकडे आली.

“काम कुठं बसून केलं?” काकांनी सुरुवात केली.

“बाबांच्या खाटेशेजारी.”

“खाट कुठं आहे?”

“वाईत.”

“मग कर इथला. पगार कुठल्याही देशात जमा होवो.”

वैशाली एकदम रडायलाच लागली. काका गडबडले. आधी पाणी, मग चहा, मग स्वतःचा रुमाल पुढं केला.

“कर भरीन हो काका,” ती म्हणाली. “पण वर्ष झालं, मी काम कुठं करते, कधी करते, हे कुणी विचारलंच नव्हतं.”

त्यानंतर काका दर शनिवारी दुपारी एसटीनं वाईला जाऊ लागले. कधी म्हणे सही राहिली, कधी रकाना चुकला. म्हातारपणी काकांच्या हातून फारच चुका होतायत, असं मला वाटलं. म्हणून एका शनिवारी मीही सोबत गेले.

काकांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. सुभेदार डाव्या हातानं पानं धरत जडपणे म्हणाले, “आवं शेंडे, हळू बोला. पोरगी आत्ताच पडलीय.”

आतल्या खोलीत वैशाली गाढ झोपली होती. दोन तास डाव चालला. कागद कुणी काढलाच नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, “रकाना कुठला चुकला होता?”

“कुठलाच नाही. रिटर्न भरून दोन महिने झाले.”

काकांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

“आमची ही पाच वर्षं अंथरुणावर होती. लोक यायचे, फळं आणायचे. तुम्ही बसा, मी जरा पडतो, असं म्हणायची मला लाज वाटायची,” काका म्हणाले. “वैशालीलाही वाटत असणार.”