हिमालय काळा होणार म्हणे

शेवंती दारातच पाट टाकून बसली होती, कुणाला आत सोडायचं नाही म्हणून. लेकीने, दर्शनाने, सकाळीच बजावलं होतं. संध्याकाळ सरेपर्यंत कुकर नको, मिक्सर नको आणि गॅलरीतून डोकावून "जेवलीस का गो" विचारणारं तर कुणीच नको.

कारणही तसंच होतं. दर्शनाच्या कंपनीत ॲपमधली बटणं, चौकटी, पट्ट्या एकेक सुट्या मांडून तपासायचं एक साधन होतं. हिंदमाताच्या दुकानात गादीवर एकेक साडी उलगडतात तसंच ते, असं शेवंतीने मनाशी ठरवून टाकलं होतं. अडचण एवढीच, की तिथे सगळं पांढऱ्यावरच दिसायचं. लोक तर मोबाइल काळा करून वापरतात. पांढऱ्यावर देखणं दिसणारं बटण काळ्यावर गेलं की गायब. म्हणून दर्शनाने त्या साधनालाच थीम बदलायची सोय करून दिली होती. एकदा दाबलं की सगळं काळं, पुन्हा दाबलं की पांढरं. साडी दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघायची म्हटली की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. ही पोर आपणहून दाखवत होती. तिच्या डोक्याचं शेवंतीला फार कौतुक.

आज ते तिच्या वरच्या देविका मॅडमना व्हिडिओ कॉलवर दाखवायचं होतं. पसंत पडलं तर ते अख्खं काम दर्शनाच्या हाती येणार होतं. नाही पडलं, तर बंगलोरच्या टीमकडे जाणार आणि दर्शना पुन्हा दुसऱ्यांच्या चुका निस्तरत बसणार.

दुपारी जेवणं आटोपल्यावर शेजारची बकुळा आली, हातात अळूवड्यांची ताटली घेऊन.

"काय गो, दारात काय बसलीस?"

"आत नको जाऊस. दर्शना कामात आहे."

"वड्या ठेवून येते. तेवढ्याने काय बुडतंय?"

"बुडेल. थीम बदलतेय ती."

बकुळाच्या हातातली ताटली तिरपी झाली. "थीम? आता?"

"आजच. दाखवायचीये संध्याकाळी."

"आणि काय करतेय?"

"काळं," शेवंती अभिमानाने म्हणाली. "सगळं काळं. एका बटणावर."

"सांगितलं कुणी तिला?"

"मॅडमनी. बंगलोरची माणसं टपून बसलीत, पण आमची दर्शना सोडते होय?"

बकुळा वड्या न देताच परत फिरली. शेवंतीला वाटलं, जळली मेली.

पण काळाचौकीत थीम म्हटलं की ती एकच असते, गणपतीची. बकुळाचा नवरा तात्या मंडळाचा अध्यक्ष. यंदाची थीम हिमालय, आणि मांडवात सकाळपासून पांढरं कापड चढत होतं. गेल्या वर्षीच्या देखाव्याचं चित्र दर्शनानेच कॉम्प्युटरवर काढून दिलं होतं. तेव्हा थीम बदलायची म्हटली तर ती बदलू शकते, याबद्दल बकुळाला तिळमात्र शंका नव्हती.

"अहो, खाली उतरा," तिने मांडवात जाऊन शिडीवरच्या तात्याला हाक मारली. "हिमालय काळा होतोय."

तात्या उतरला. सगळं ऐकून घेतलं. मग त्याने काम थांबवलं आणि कापडवाल्याला फोन लावला. "पांढरं कापू नका अजून. इकडे काळं करायचं चाललंय म्हणे." सणाचे दिवस, दुकानात ही गर्दी. कापडवाल्याने 'पांढरं नको, काळं' एवढंच ऐकलं. संध्याकाळ होता होता दोन काळेभोर तागे टेम्पोतून मांडवाच्या तोंडाशी उतरले. तोवर तात्याचा निम्माच विश्वास बसला होता. आता तो पुरता बसला.

एक तागा खांद्यावर घेऊन तात्या जिना चढला. मागे बकुळा, तिच्या मागे अर्धं मंडळ.

"वहिनी, बाजूला व्हा."

"भावोजी, आत मॅडम आहेत."

"मॅडमनाच भेटायचंय."

शेवंतीने दोन्ही हात पसरून दार अडवलं, पण तागा लांब होता. तिच्या डोक्यावरून तो आत शिरला, दाराचा पडदा घेऊन गेला आणि दर्शनाच्या इअरफोनची वायर उपटूनच थांबला. देविका मॅडमचा आवाज खोलीभर झाला.

"दर्शना, हे कोण आहेत?"

दर्शनाचा चेहरा पांढरा पडला.  आपण काय करून बसलो ते शेवंतीला अजून कळलं नव्हतं, पण लेकीचा चेहरा तिला कळला.

"बघायला आलेत, मॅडम," ती पुढे होऊन म्हणाली.

"वापरणारी माणसं? अरे वा. मग दाखव की त्यांना."

"दाखवच," तात्या म्हणाला. "काय काळं केलंस ते बघू दे."

दर्शनाने बटण दाबलं. स्क्रीनभर काळं पसरलं. मागून बायकांनी सुस्कारा सोडला.

"पांढरं कर."

पांढरं झालं.

"परत काळं. सरक जरा, मी दाबतो."

मांडवातलं लायटिंग तपासायचं म्हणजे फ्यूज उडेपर्यंत बटण दाबत राहायचं, हा तात्याचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्याने इथेही दाबून दाबून पाहिलं. काळं, पांढरं, काळं, पांढरं. काही उडालं नाही. मधलं निळं बटण दोन्हीकडे ठसठशीत उभं.

"च्यायला, हरवत नाही रे कुठे," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजातला राग कधीच उतरला होता. "पोरीने काम चोख केलंय. दिवसा शिखरं पांढरी, रात्री मागे काळं आभाळ… बकुळा, तू सांगितलंस तेवढं वाईट नाहीये हे."

"तात्या," दर्शना म्हणाली, "हे माझ्या ऑफिसचं आहे. मंडळाचं नाही."

 तात्याने बकुळाकडे पाहिलं. बकुळाने शेवंतीकडे. शेवंती वाकून पडदा उचलू लागली.

"दर्शना," देविका मॅडम म्हणाल्या, "बंगलोरच्या टीमने आपापसातच तपासून पाठवलं. तू बाहेरची माणसं आणलीस, आणि तीही एवढी कडक. हे काम तुझंच. आता पुढच्या गुरुवारी यादीची पट्टी दाखवशील, तेव्हाही बोलव यांना. जास्तच बोलव."

काळे तागे परत गेले नाहीत. रात्रीचं आभाळ तात्याने कमिटीत त्याच दिवशी मंजूर करून घेतलं.

पाहुणे पांगल्यावर दर्शना आईजवळ येऊन बसली.

"आई, एक काम कर ना. बकुळाकाकीला सांग, गुरुवारी सगळ्यांना घेऊन ये म्हणावं."

"तसं सांगितलं तर चिटपाखरू यायचं नाही," शेवंती म्हणाली.

ती उठून गॅलरीत गेली, बकुळाला हाक मारून जवळ बोलावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तुला म्हणून सांगते हां, बकुळा. गुरुवारी आमच्याकडे कुणी फिरकू नका."