अठ्ठ्याऐंशीचा अंतरा

रेकॉर्डिंगमध्ये सासरे अंतऱ्यात मागे पडले होते. मुखडा त्यांनी संगणकातल्या तबल्याबरोबर नीट म्हटला होता. पण तबला मिनिटाला शहाण्णव मात्रांनी चालला होता आणि अंतऱ्यात सासरे अठ्ठ्याऐंशीवर आले होते. जावयाने हे बायकोला दबक्या आवाजात सांगितलं.

"त्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली. "घशाच्या ऑपरेशननंतर वर्षाने गायलेत. बेताल म्हणालात तर पुन्हा तोंड उघडणार नाहीत."

सासरे पाच वाजता ऐकायला येणार होते. जावई शाळेत भूगोल शिकवायचा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्याच्या हाती येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. म्हाताऱ्या माणसाला पळवण्यापेक्षा तबल्यालाच थोडं थोपवू, असं ठरवून त्याने अंतऱ्यापासून टेम्पो अठ्ठ्याऐंशी केला. तबला मंदावला. पण सासरेही तेवढेच मंदावले आणि होते तेवढेच मागे राहिले. त्याने ऐंशी केला, मग सत्तर. सासऱ्यांनी तबल्याची पाठ सोडली नाही, पण पुढेही आले नाहीत. साठला ते चष्मा कुठे ठेवला हे आठवत असल्यासारखा एकेक शब्द उच्चारू लागले.

"बाबांचं काय केलंत?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

पाचला दहा कमी असताना त्याने लाजत एका जाणत्या मित्राला फोन लावला. मित्राने एवढंच विचारलं, की टेम्पोबरोबर आवाजही ताणायच्या पर्यायापुढची खूण तशीच ठेवली आहेस का? ठेवली होती. म्हणजे तासभर आपण सासऱ्यांनाच ताणत होतो. त्याने घाईने ती खूण काढली. सासरे आपल्या मूळ गतीवर आले. आता फक्त तबला साठवरून अठ्ठ्याऐंशीवर न्यायचा होता.

तेवढ्यात खरे सासरे खोलीत येऊन खुर्चीवर बसले. "लावा, जावईबापू."

दुसरा इलाज नव्हता. मुखडा झाला. अंतऱ्यात सासरे पुढे निघून गेले आणि तबला मागून रेंगाळत आला. जावई जमिनीकडे बघत राहिला. बायको दारात पदर चावत उभी.

गाणं संपलं. सासऱ्यांनी बराच वेळ घसा साफ केला.

"माझं ठीक झालंय," ते म्हणाले. "तुमचा तबलजी मात्र अंतऱ्यात झोपतो. पुढच्या गाण्याला दुसरा बघा."

"पुढचं कुठलं, बाबा?" बायकोने पटकन विचारलं.

त्यांच्या मनात तीन होती. जावयाने तबलजीला कडक शब्दांत समज देण्याचं कबूल केलं.