भवानी पेठेतला दुखवटा

सोलापूरच्या भवानी पेठेच्या चौकात मंडळाचा सार्वजनिक रेडिओ होता. म्हणजे मंडळाच्या खोलीत एक अॅम्प्लिफायर, एक रेकॉर्डप्लेयर, एक माइक आणि बाहेर विजेच्या खांबांवर बांधलेले कर्णे. रोज संध्याकाळी त्यातून आधी आकाशवाणीच्या बातम्या, मग भावगीतं आणि शेवटी नळाला पाणी कधी येणार, कुणाची शेळी हरवली, हे पेठेला ऐकवलं जाई. ऐकायचंय का, हे पेठेला कुणी विचारलं नव्हतं.

माइक रेवणप्पाकडे होता. दिवसा तो जकात नाक्यावर कारकून. तिथं त्याला कुत्रं विचारत नसे. पण संध्याकाळी माइकपुढे बसला की हाच माणूस पेठेतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शिरायचा. बायको रत्नम्मा म्हणायची, यांचं तोंड घरात उघडत नाही आणि चौकात मिटत नाही. तो माइक गेला तर रेवणप्पाकडे जकातीच्या पावत्यांशिवाय काही उरणार नव्हतं.

आणि माइक जायच्या बेतात होता. मंडळाचे अध्यक्ष संगप्पाअण्णा, तेलगिरणीचे मालक आणि पुढच्या निवडणुकीतले इच्छुक उमेदवार, यांचा जावई रिकामा होता. रिकाम्या जावयाला काहीतरी सार्वजनिक काम द्यावं लागतं, नाहीतर तो घरातलं काम मागतो.

"लोक ऐकत न्हाईत बे तुझं," अण्णा म्हणाले. "माइक जावयाकडं दिऊ. दंतमंजनाच्या जाहिराती तरी करंल."

रेवणप्पानं एक संध्याकाळ मागून घेतली. शनिवारी खास कार्यक्रम करतो, चौक माणसांनी भरला नाही तर स्वतःच्या हातानं माइक जावयाला देतो, असं बोलून बसला.

त्याच्या या हिमतीमागे मंगळवार बाजारात घेतलेल्या काही रेकॉर्डी होत्या. अमेरिकेला परत गेलेल्या एका पाद्र्याच्या विकल्या गेलेल्या सामानात त्या निघाल्या. काळ्या माणसांचं गाणं, ब्लूज नावाचं. वेष्टनावरचं इंग्रजी शब्दकोश लावून लावून रेवणप्पानं वाचलं होतं. बेसी स्मिथ नावाची बाई. हिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणत. पूर, तुरुंग, दारू, सोडून गेलेला नवरा, यांवर गायची. मोटारीच्या अपघातात गेली आणि नंतर कित्येक वर्षं तिच्या थडग्यावर साधा दगडसुद्धा नव्हता. दुसरा एक आंधळा, रस्त्यावर गिटार वाजवत फिरणारा. यांचे बापजादे कापूस वेचून मेले. सोलापुरात कापूस विणून मरतात. मधला नफा दोन्हीकडच्यांना दिसला नाही. म्हणजे हे गाणं आपल्या पेठेचंच, असा रेवणप्पाचा हिशेब. हिशेब बरोबर होता. पेठेला तो ठाऊक नव्हता, एवढंच.

शनिवारी वेळ पुरावा म्हणून त्यानं बातम्या रद्द केल्या. भावगीतंही रद्द केली. आठवडाभर घोकलेलं निवेदन जड आवाजात म्हटलं. पण निवेदन अर्ध्या कानानं ऐकायचं, ही पेठेची जुनी सवय. कढईच्या आणि यंत्रमागांच्या आवाजातून पेठेनं तीनच शब्द उचलले: दिवंगत, थोर, आदरांजली. मग रेकॉर्ड लागली. त्या वेळी पेठेतले सगळे माग आणि दिवे मिळून वीज ओढत असत, त्यामुळे व्होल्टेज पडलेलं. रेकॉर्ड रेंगाळत फिरू लागली. बाईचा आवाज आधीच दुःखी, तो विहिरीतून यावा तसा यायला लागला.

आता हे वाचकांना सांगायला नको. या देशात बातम्या बंद होऊन रेडिओवर रडकं संगीत लागलं की त्याचा अर्थ एकच. कुणीतरी मोठं गेलं.

पहिलं दुकान कापडवाल्या ईश्वरप्पानं बंद केलं. दुःख म्हणून नव्हे, काचा फुटतील म्हणून. त्याचं बंद झालं म्हणून शेजारच्यानं केलं. दोघांची बंद झाली म्हणून ओळच्या ओळ बंद झाली. काशम्मा चौकात भजी तळत होती. तिनं भिजवलेलं पीठ तसंच ठेवून स्टोव्ह विझवला आणि पदर डोळ्यांना लावला. कांद्याचे हात होते, डोळे लगेच भरले. तिला रडताना पाहून चार बायका रडल्या. सिनेमावाल्यानं खेळ थांबवून प्रेक्षक बाहेर काढले. ते आले चौकात. हेडमास्तरांनी सोमवारची सुट्टी तोंडी जाहीर करून टाकली. फौजदारानं बंदोबस्त लावला.

कोण गेलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला ठाऊक नाही हे कळणार, आणि शेजाऱ्याला ते ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. एकाच्या घरी स्वतःचा रेडिओ होता. त्यानं बातम्या लावल्या, तर त्यात काहीच नव्हतं. तो बाहेर येऊन हळूच म्हणाला, "सरकारनं अजून दाबून ठिवलंय." त्यानंतर शंकेला जागाच राहिली नाही.

खोलीच्या खिडकीतून रेवणप्पा हे बघत होता. चौक भरला होता. माणसं टोप्या काढून, माना खाली घालून, एक अक्षर न बोलता ऐकत होती. बायका रडत होत्या. अमेरिकेला जे कळायला एवढी वर्षं लागली ते भवानी पेठेला एका रेकॉर्डीत कळलं, असं त्याला वाटलं. त्यानं दुसरी बाजू लावली.

संगप्पाअण्णा न्हाणीत होते. त्यांनी ओल्या अंगानं पक्षाच्या कचेरीत फोन लावला. कचेरीनं उलट त्यांनाच विचारलं, कोण गेलं? अण्णांना वाटलं, आपल्यापासून लपवतायत. दुसऱ्या कुणी आधी शोकसभा घेतली तर तिकीट गेलंच. त्यांनी पांढरे कपडे चढवले, हार घेतला, फोटोवाल्याला उचललं आणि थेट माइक गाठला. रेवणप्पाला वाटलं, अण्णाही हललेत. त्यानं आदरानं जागा दिली.

अण्णा मुरलेले होते. नाव न घेता बोलायला लागले. असं माणूस पुन्हा होणे नाही. गोरगरिबांचा आधार गेला. देश पोरका झाला. आणि मग गर्दी बघून त्यांना राहवलं नाही.

"परवाच्याच अधिवेशनात गाठ पडली," ते हुंदका देऊन म्हणाले. "माझ्या पाठीवर हात ठेवून बोलले, संगप्पा, सोलापूर सांभाळ."

दोन मिनिटांची शांतता झाली. ती संपता संपता काशम्मा माइकशेजारी आली. तिला पिठाची काळजी होती. किती दिवस दुकान बंद ठेवायचं, हे मेलेल्याच्या मोठेपणावर अवलंबून असतं.

"रेवणप्पा," तिनं विचारलं, "पर गेलं कोण रे?"

माइक चालू होता. रेवणप्पानं सगळ्या पेठेला सांगितलं, "बेसी स्मिथ. अमेरिकेची काळी गायिका. एकोणीसशे सदतीस साली, मोटारीच्या अपघातात."

लोकांनी खिडकीतल्या अण्णांकडे बघितलं. सदतीस साली अण्णा दुपट्यात होते.

"मुडद्या," काशम्मा रेवणप्पाला म्हणाली, "माझं पीठ आंबलं की."

बाकी कुणी हसलं नाही. हसायचं म्हटलं तर हसणारा स्वतः टोपी काढून उभा होता. ईश्वरप्पानं दुकान बंद केलेलं, हेडमास्तरांनी सुट्टी दिलेली, फौजदारानं बंदोबस्त लावलेला. एकटे अण्णा मूर्ख ठरले असते तर पेठ आठवडाभर हसली असती. सगळीच ठरणार होती, म्हणून सगळीच गंभीर राहिली.

सोमवारी स्थानिक पेपरात अण्णांचा हारासकट फोटो आला. खाली छापलं होतं, 'दिवंगत बेसीताई स्मिथ यांना शहराची साश्रू आदरांजली'. पक्षातून अण्णांचं अभिनंदन झालं. परदेशी वंचितांबद्दल एवढी कळकळ दाखवणारा उमेदवार जिल्ह्यात दुसरा नव्हता. त्याच आठवड्यात मंडळानं ठराव केला. रेडिओचं नाव, स्वर्गीय बेसीताई स्मिथ सार्वजनिक रेडिओ. माइक तहहयात रेवणप्पाकडे. जावयाला स्मारक समितीचा चिटणीस केलं.

रेवणप्पा माइक जिंकून घरी आला. अट एकच होती: ती रेकॉर्ड पुन्हा लावायची नाही. ती लागली की पेठ बंद होते, धंदा बुडतो.

वर्षभरानं पहिली पुण्यतिथी आली. रेकॉर्डीच्या वेष्टनावरचं चित्र कापून फ्रेम केलेलं, त्याला हार, बाईच्या कपाळाला कुंकू. चौकात मांडव. नगरसेवक झालेल्या अण्णांचं भाषण झालं, हेडमास्तरांचं झालं, चिटणिसांचं झालं. सगळ्यांनी बेसीताईंच्या गाण्याची थोरवी गायली. ते ऐकून रेवणप्पाला धीर आला. तो अण्णांच्या कानाशी वाकला.

"अण्णा, आज तरी एक गाणं लावू का ताईंचं?"

अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की रेवणप्पा दोन पावलं मागं सरकला.

"लाज हाय का बे तुला?" ते म्हणाले. "आज बाईची पुण्यतिथी, आन तुला गाणं सुचतंय?"