तातेरावांचं टायमिंग

उद्या मुलाची सोयरीक जमवायला भोकरदनला जायचं आहे आणि गाडी नीट चालते आहे, अशा वेळी शहाणा माणूस गाडीला हात लावत नाही. तातेरावांनी शनिवारी संध्याकाळी बॉनेट उघडलं.

गाडी म्हणजे दुधी रंगाची जुनी फियाट. जालना जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, तातेरावांनी ही घेतली. (नातवंडं अजून व्हायची होती. त्यासाठीच तर भोकरदनला जायचं होतं.) चालायला ती बरी होती, पण उभी राहिली की तिचं इंजिन अधूनमधून एक ठोका गिळायचं. हा ठोका तातेरावांशिवाय कुणालाच ऐकू येत नसे. त्यांच्या बायकोचं, बेबीनंदाबाईंचं म्हणणं असं, की कानाच्या डॉक्टरला दाखवा. पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तातेरावांना रोग सापडला होता. इंजिनात ठिणगी पडायची वेळ, म्हणजे टायमिंग, जराशी चुकली होती आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडलं होतं. एक नट सैल करून ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचा, कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा पिळायचा, झालं. चहा उकळेपर्यंतचं काम.

त्यांनी बेबीनंदाबाईंना कणकेच्या हातानिशी बोलावून स्टेअरिंगसमोर बसवलं.

"मी दाब म्हणलो की रेस दाबायची, थांब म्हणलो की सोडायची."

"एवढंच ना?"

"एवढंच."

व्हिडिओतल्या माणसानं एअर फिल्टर काढून ठेवला होता, म्हणून यांनीही काढला आणि कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडावर वाकले. बाईंकडून सेल्फ मारून घेतला. इंजिन सुरू झालं. तातेरावांनी डिस्ट्रिब्यूटर फिरवला, इंजिन खोकलं. स्क्रू पिळला, त्याला धाप लागली. आणखी थोडा फिरवला, तशी सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायला लागली. आपण उलट्या बाजूला फिरवतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते ओरडले, "थांब!"

मध्ये उघडलेलं बॉनेट, वर इंजिनाचा गोंगाट. बेबीनंदाबाईंना ऐकू आलं, दाब. त्यांनी दाबलं. तातेराव जीव खाऊन पुन्हा थांब म्हणाले. आता बाईंनी पाय पार तळाला टेकवला. (नवऱ्याचं इतकं तंतोतंत ऐकल्याची ही त्यांची पहिलीच वेळ.)

कार्ब्युरेटरच्या घशातून भक्कन जाळ आला आणि असा बार उडाला, की गल्लीतली कबुतरं उठली. समोरचे मुकुंदराव, बँकेतून रिटायर झालेले, हातातल्या पेपरासकट धावत आले. तातेराव उभे होते. त्यांची डावी मिशी मात्र नव्हती.

बेबीनंदाबाईंनी आधी गार पाण्यानं त्यांचं तोंड धुतलं, कुठं भाजलं नाही हे बघितलं आणि मगच हसायला घेतलं. तातेरावांना हसू येईना. बायोडाटाबरोबर भोकरदनला गेलेल्या फोटोत ती भरघोस मिशी रुबाबात बसलेली होती. पण अर्धी मिशी घेऊन व्याह्याच्या दारात जाता येत नाही. उरलेलीही काढावी लागली. कामावरून आलेल्या प्रेमनं, म्हणजे नवऱ्या मुलानं, दार उघडून त्यांनाच विचारलं, "कोण पाहिजे?"

सकाळी मात्र गंमत झाली. कोणत्या बाजूला फिरवायचं नाही हे आता पक्कं कळलं होतं, म्हणून तातेरावांनी दुसऱ्या बाजूला फिरवलं. केसभर. स्क्रू किंचित सैल केला आणि इंजिन एकदम लयीत आलं. गुरगुर नाही, धाप नाही, ठोका न ठोका जागेवर. तातेरावांना मिशीचा विसर पडला. त्यांनी ते बेबीनंदाबाईंना ऐकवलं, प्रेमला ऐकवलं आणि बोलणीत तरबेज म्हणून सोबत निघालेल्या मुकुंदरावांना दोनदा ऐकवलं. रस्त्यात सोयरिकीचा विषय काढायला बंदी केली. बोलण्यात इंजिन ऐकू येत नव्हतं.

भोकरदनला मुलीचे वडील भारतराव फाटकात उभे होते. सफारीतले, मिशीवाले मुकुंदराव आधी उतरले. भारतरावांनी "जय भीम साहेब" म्हणत त्यांना मिठीच मारली आणि कौतुकानं विचारलं, गाडी कोणतं मॉडेल? मुकुंदराव म्हणाले, आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही. सगळे आत गेले. तातेराव मागंच राहिले. इतक्या लांबून आल्यावर इंजिन कसं वाटतंय, ते बॉनेट उघडून बघायचं होतं.

जरा वेळानं भारतराव स्वतः त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. माणूस भला. शिवाय घरी वडिलांच्या वेळची जीप, त्यामुळं पायही इकडंच ओढत होते. तातेरावांनी काठोकाठ भरलेला कप चालत्या इंजिनावर ठेवला. थेंब सांडला नाही. भारतराव बघतच राहिले. मग दोघं बॉनेटखाली शिरले आणि टायमिंग, मिक्श्चर, जीपचं खोकणं असं सगळं बोलून झालं. शेवटी भारतरावांनी आवाज खाली आणला.

"ड्रायव्हरभाऊ, आता आपण दोघंच हाओत. खरं सांगा, तुमचे साहेब माणूस कसे?"

इथं खुलासा करायला हवा होता. पण तातेरावांबद्दल ऐकायला इतका उत्सुक माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता.

"साहेब म्हंजे राजा माणूस," ते म्हणाले. "आवाज चढवणार न्हाई, कुणाचं मन मोडणार न्हाई. सुनेला तर लेकीसारखं ठेवतील. अन् गाडीतलं असं कळतंय, जालन्यात जोड न्हाई."

"मला तर आत्ताच म्हणले, काहीच कळत न्हाई."

तातेरावांनी बॉनेटखाली डोकं आणखी आत घातलं. "मोठी माणसं सांगत न्हाईत," ते म्हणाले.

तेवढ्यात बेबीनंदाबाई बाहेर आल्या. "अहो, आत येता का? मुकुंदराव कधीचे सांगून राह्यले, मी शेजारी हाओ, मी शेजारी हाओ. कुणी ऐकतच न्हाई."

भारतरावांनी एकदा बाईंकडं बघितलं, एकदा तातेरावांकडं. मग काळ्या झालेल्या हातांनीच तातेरावांचे काळे हात धरले आणि माफी मागत मागत त्यांना आत नेऊन मधल्या खुर्चीवर बसवलं.

मुलगी, आम्रपाली, पोहे घेऊन आली आणि खुर्चीकडं बघून जागीच थबकली. झालं होतं असं, की स्वयंपाकघराची खिडकी फाटकावर होती आणि इंजिन आता इतकं शांत चालत होतं, की शब्द न् शब्द आत येत होता. प्रेमशी फोनवर बोलणं झालेलंच होतं, तो तिला पसंत होता. प्रश्न होता तो घरातल्या माणसांचा. खिडकीतून सगळं ऐकून तिनं आईला होकार सांगून टाकला होता आणि आईनं तो आत आलेल्या भारतरावांच्या कानावर घातला होता. ज्या घरचा ड्रायव्हरसुद्धा मालकाबद्दल इतकं चांगलं बोलतो, ते घर वाईट असेल कसं?

भारतरावांनी अवघडून विचारलं, "मंग बेटा, आता कसं?"

आम्रपालीनं पहिली बशी तातेरावांच्या हातात दिली. "होकार कायम आहे," ती म्हणाली. "फक्त ड्रायव्हरकाका बोलले त्यातलं निम्मं खरं धरते."

तातेरावांनी आधारासाठी बायकोकडं पाहिलं.

"निम्मं जास्त होतंय, पोरी," बेबीनंदाबाई म्हणाल्या.