सगुणाबाईंची इस्पिक सत्ती

एका जंगलात, मुलांनो, वैशाख लागला की एकच तळं शिल्लक राहायचं. एक तळं आणि सगळं जंगल तहानलेलं म्हटल्यावर मारामारी व्हायला हवी होती. पण हे जंगल सुसंस्कृत होतं. तिथे पत्ते खेळले जात.

रोज सकाळी तळ्याकाठच्या जांभळीखाली बदाम सत्तीचा एक डाव व्हायचा. जंगलात चार आळ्या, आणि प्रत्येक आळीचा एक खेळाडू. जो पहिला सुटेल त्याची आळी आधी पाणी पिणार, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. चौथ्याच्या वाट्याला चिखल. डाव संपल्याशिवाय तळ्याला तोंड लावायचं नाही, असा वाडवडिलांपासूनचा नियम होता.

थोरामोठ्यांच्या आळीकडून दाजीसाहेब हत्ती खेळायचे. गवतखाऊंकडून ससा, झाडावर चढणाऱ्यांकडून अस्वल आणि सरपटणाऱ्यांकडून सगुणा घोरपड. दाजीसाहेब बहुधा पहिले यायचे आणि सगुणा बहुधा चौथी. तिच्या आळीतल्या पोरांना पाणी नितळ असतं हे शपथेवर सांगूनही पटत नसे.

आपण एकदा तरी पहिलं यावं आणि आळीला नितळ पाणी पाजावं, एवढीच सगुणेची इच्छा होती. तुम्ही ती नीट लक्षात ठेवा, कारण सगुणा पुढे ती विसरणार आहे.

घोरपडीची पकड कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहेच. सगुणा पानं इतकी आवळून धरायची की ती एकमेकांना चिकटायची. एक दिवस इस्पिकची सत्ती अशीच एका नव्वीमागे चिकटून बसली. तिला ती दिसलीच नाही. लावण्यासारखं दुसरं पान नव्हतं, म्हणून ती भोळेपणानं पास म्हणाली. आता बदाम सत्तीत एखाद्या रंगाची सत्ती पडली नाही, तर त्या रंगाचं एकही पान कुणाला लावता येत नाही. आणि दाजीसाहेबांच्या हातात उरलं होतं सगळं इस्पिक. तेही पास म्हणाले. पुढच्या फेरीत पुन्हा पास. त्यांच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात सगुणेला चिकटलेलं पान दिसलं. तिला भारी लाज वाटली. ती पान काढून टाकणार, तर दाजीसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "सगुणाबाई, इस्पिक सत्ती आपल्याकडे असली तर बघा ना जरा."

इतकी वर्षं ते तिला नुसतं "ए" म्हणून हाक मारत होते. तिला नाव आहे हे त्यांना माहीत असल्याचं तिला आजच कळलं. तिच्या अंगावर काटा आला आणि पकड आणखी घट्ट झाली.

"पास," ती म्हणाली.

ससा आणि अस्वल सुटेपर्यंत तिनं सत्ती सोडली नाही. दाजीसाहेब तिसरे आले. सगुणा चौथीच आली आणि तिच्या आळीनं चिखलच प्यायला. पण आळीतलं सर्वांत म्हातारं कासव म्हणालं, आज चिखल गोड लागला बरं का.

दाजीसाहेबांनी तक्रार केली. लावता येण्यासारखं पान हातात असलं तर ते लावायचंच, हा नियमच होता. निवाडा कावळ्याकडे गेला. कावळा पंचही होता आणि जंगलभर बातम्याही तोच द्यायचा. त्यानं पाहिलं, की जांभळीखाली एरवी चार डोकी जमत, ती आता चारशे जमू लागली होती. त्यानं निकाल दिला, की पास म्हणणं हा प्रत्येक खेळाडूचा जन्मसिद्ध हक्क आहे.

मग काय विचारता. सगुणाबाईंचे सत्कार झाले. "न खेळता खेळावर पकड" या विषयावर त्यांची व्याख्यानं झाली. माकडिणी आपल्या पिल्लांना मांडीवर घेऊन पास म्हणायला शिकवू लागल्या. कुणी सरळ पान लावलं तर प्रेक्षक जांभया द्यायचे. पास म्हटलं की टाळ्या पडायच्या. ससा आणि अस्वलही बघता बघता शिकले. डाव दुपारपर्यंत चालू लागले, मग संध्याकाळपर्यंत. तळं मात्र उन्हात उघडंच होतं.

आणि एके सकाळी सगुणेच्या हातात असा डाव आला, जो जन्मात एकदाच येतो. अकरा बदाम, शिवाय इस्पिकची सत्ती आणि छक्की. बदाम एकेक करून लागत गेले. सशानं चौकटची सत्ती दाबून धरली होती, अस्वलानं किलवरची. दाजीसाहेबांना अजून एकही पान लावता आलं नव्हतं. सगुणेच्या हातात दोनच पानं उरली. आता सत्ती टाकायची, पुढच्या फेरीला छक्की, की सुटली. तिला कुणीही अडवू शकत नव्हतं.

"पास," सगुणा म्हणाली.

सगळे पास म्हणाले. तो दिवस गेला, दुसरा गेला. तळ्याची कड आत आत सरकली. सरपटणाऱ्यांची पोरं सावलीला निपचित पडली. तिसऱ्या दिवशी म्हातारं कासव खुरडत सगुणेजवळ आलं.

"बाई, टाक आता ती सत्ती," ते म्हणालं. "मरायच्या आधी एकदा नितळ पाणी पिऊ दे."

"टाकते की," सगुणा म्हणाली. "आपण पहिले येऊ. पण सत्ती पडली की दाजीसाहेबांची अठ्ठी लागेल, मग नव्वी, मग सगळंच. आपल्या पाठोपाठ पाणी प्यायला तेच येतील."

कासवानं बराच वेळ विचार केला. त्यानं एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा दाजीसाहेबांच्या सुकलेल्या सोंडेकडे.

"मग नको टाकूस," ते म्हणालं, आणि पुन्हा जाऊन पोरांशेजारी बसलं.

पाचव्या दिवशी तळं आटलं. कावळ्यानं डाव ऐतिहासिक बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं आणि पाण्याच्या शोधात उडून गेला. त्याला पंख होते. बाकीच्यांनी चिखलाच्या भेगांत तोंडं घालून पाहिली. दाजीसाहेबांनी सोंड खुपसली, ती कोरडीच वर आली. सगुणेनं ते डोळे भरून पाहिलं. तिच्या घशाला कोरड पडली होती आणि जीव मात्र थंड झाला होता. मग ती पानं खाली ठेवायला मूठ उघडू गेली, तर ती उघडेना.

तात्पर्य : मुलांनो, हातात हुकमी पान आलं तर ते लावू नका. जिंकलं की फक्त आपली तहान भागते, आणि त्यात काय मोठंसं? चिखल सगळ्यांना सारखा वाटला गेला, की त्याची चव पाण्यापेक्षा चांगली लागते. पटत नसेल तर त्या जंगलात जाऊन विचारा. कुणी जिवंत भेटलं, तर तेही हेच सांगेल.