रघूभिया परक्यांच्या उठावण्याला जातात

सकाळी पेपर आला की मी क्रिकेट वाचतो, आमची ही राशिभविष्य वाचते आणि शेजारचे रघूभिया उठावण्यांचं पान उघडतात. आमच्या इंदुरात कोणी गेलं की दोन-तीन दिवसांनी धर्मशाळेत तासभर सगळे पांढऱ्या कपड्यांत जमतात, फोटोला फुलं वाहतात, हात जोडतात आणि घरी जातात. हाच उठावणा. उठावण्याला सगळेच जातात, त्यात काय एवढं! पण रघूभिया ज्यांना जन्मात भेटलेले नाहीत, नेमक्या त्यांच्याच उठावण्याला जातात.

"ओळखीच्या घरी काय मिळणार, भिया?" ते म्हणतात. इंदुरी तोंडात भैयाचा भिया होतो. "तिथली स्टोरी आपल्याला पाठ असते."

रघूभिया गेम बनवतात. मोबाइलवरचे नव्हे, टेबलाभोवती बसून खेळायचे. चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक सोंग घेतो, कोणी राजा, कोणी चोर, कोणी जादूगार. रघूभिया गोष्ट सांगत जातात, पुढे काय करायचं ते सोंगाने ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फाशाने. बंगलोरची एक कंपनी हे गेम छापते आणि परदेशातली चांगली शिकलीसवरलेली माणसं ते खेळतात म्हणे. आमची ही पालीला बघून खुर्चीवर चढते, पण रघूभियांच्या टेबलावर बसली की ड्रॅगनच्या शेपटीवर पाय देऊन उभी राहते. मी दर वेळी पहिल्याच पुलावरून पडून मरतो आणि उरलेला वेळ शेव खात बसतो.

असे गेम लिहिणारे बाकीचे लोक म्हणे इतिहास चाळतात, पुराणं वाचतात, हिमालयात जातात. रघूभिया थैली घेऊन सियागंजच्या घाऊक बाजारात जातात. तिथे एका हिंगवाल्याने हमालाशी जी हुज्जत घातली, ती जशीच्या तशी दोन राक्षसकुळांचा तह म्हणून छापली गेली. अन्नपूर्णेच्या देवळात ते दर्शनाला उभेच राहत नाहीत, चपलांच्या स्टँडपाशी उभे राहतात. "आत सगळे एकसारखंच मागतात, भिया. बाहेर चप्पल सापडली नाही की माणूस खरा बोलतो." माझ्या सासूबाई आठ दिवस राहायला आल्या आणि पुढच्या गेममध्ये दलदलीतली चेटकीण झाल्या. मी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मंत्र किती येतात तिला?"

पण हल्ली गाडी अडली होती. नव्या गेममध्ये दोन भाऊ होते, मधे नदी होती आणि नदीवरचा पूल मोडलेला होता. आम्ही दोर टाकला, तो तुटला. होडी आणली, ती बुडाली. हिने तर ड्रॅगनलाच आडवं झोपवलं, तरी रघूभियांनी त्या भावांना भेटू दिलं नाही. कंपनी रोज विचारत होती, शेवट कुठाय? ते म्हणायचे, सुचत नाही.

सुचणार कसा? सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. रघूभियांचे थोरले भाऊ, दादा, तिकडे खान नदीपलीकडे छत्रीबागेत राहतात. स्कूटरवरून निघालात तर चहा निवायच्या आत पोचाल. पण पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत रघूभियांचं नाव राहून गेलं. नुसतं राहून गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण खाली "ताईच्या लग्नाला यायचं हं!" असं लिहून पोरांची नावं होती आणि त्यात मोती होता. मोती म्हणजे दादांचा कुत्रा. आता यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेतले. फौज गेली, ऐट राहिली. रघूभिया लग्नाला गेले नाहीत, दादांनी बोलावणं पाठवलं नाही, आणि त्यालाही आता इतकी वर्षं झाली की पुतणीचा मुलगा शाळेत जातो. दादांना मधे अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हाही हे दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मला म्हणाले, "काय बोलायचं ते सुचलं नाही, यार."

अशात एका शनिवारी रघूभियांनी मला सियागंजातल्या कोण्या लोखंडवाल्या सेठच्या उठावण्याला धरून नेलं. "दोघं असले की कोणी काही विचारत नाही, चला."

आम्ही मागे बसलो. कोणी तरी सेठजींबद्दल बोलत होतं की सगळं होतं, फक्त धाकट्या भावाशी बोलणं नव्हतं, तो खंडव्याला असतो, कळवलंय, पण येईल असं वाटत नाही. मी शेजारी बघितलं तर रघूभिया रडतायत! डोळे पुसत नाहीत, असे घळाघळा रडतायत. परक्या सेठसाठी एवढं रडणारा माणूस लपतो होय? सेठजींचा मुलगा उठून जवळ आला, चेहरा निरखला आणि म्हणाला, "चाचाजी? खंडवेवाले चाचाजी?"

आता रघूभियांचा एक नियम आहे. एकदा सोंग घेतलं की टेबलावरून उठेपर्यंत ते मोडायचं नाही. पण मेल्या, हे टेबल आहे का? मी त्यांच्या मांडीला चिमटा घेतला. त्यांनी मान हलवली. हो म्हणून!

आम्हाला पुढे नेलं, फोटोच्या शेजारी गादीवर बसवलं. लोक येऊन रघूभियांना हात जोडायला लागले. कोणी तरी मलाही जोडले, मीही जोडले. माझी चप्पल कुठल्या दाराशी आहे ते मी आठवत होतो.

मुलगा हळूच म्हणाला, "इतने साल आए क्यों नहीं, चाचाजी?"

मला वाटलं, आता संपलं. पण रघूभिया लगेच बोलले. "रूठा था, बेटा. फिर भूल गया किस बात पे रूठा था. फिर शरम आने लगी."

"पापा भी यही बोलते थे," तो म्हणाला. "कहते थे, बुलाऊँ तो किस मुँह से."

तेवढ्यात दाराशी एक म्हातारा आला. हातात प्रवासाची पिशवी, आणि नाक थेट फोटोतलं. कोणी त्याला ओळखलं नाही. तो चपला काढून तिथेच उभा राहिला, आत यावं की न यावं अशा विचारात. रघूभियांनी ते नाक बघितलं, ताडकन उठले, सगळी गर्दी ओलांडून गेले आणि त्याचा हात धरून त्याला घेऊन आले.

"बेटा, तेरे चाचाजी ये हैं. मैं तो बस इनकी जगह पकड़ के बैठा था."

मी डोळे मिटले. आता मार पडणार! पण काका-पुतण्या एकमेकांच्या गळ्यात पडले होते, आमच्याकडे बघायला कोणाला सवड होती?

बाहेर आल्यावर दर वेळी रघूभिया "मसाला मिळाला, भिया" म्हणतात. या वेळी त्यांनी सरळ स्कूटर सुरू केली आणि घराकडचा अन्नपूर्णेचा रस्ता सोडून नदीकडे वळवली.

छत्रीबागेतल्या दाराची कडी त्यांनी वाजवली. आतून काठीचा आवाज येत राहिला, फार हळू. दादांनी दार उघडलं. समोर इतक्या वर्षांनी भाऊ, तोही पांढऱ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. दादांचा चेहराच उतरला. त्यांनी चौकट धरली.

"कोण गेलं रे?"

जगभरच्या लोकांना बोलायला शिकवणारे रघूभिया शेवटी कसंबसं म्हणाले, "कोणी नाही, दादा. कोणी जायच्या आधी आलोय." आणि उंबऱ्याबाहेरच मटकन खाली बसून लहान पोरासारखे रडायला लागले.

दादांनी त्यांच्याकडे हात पुढे केला, पण काठी सोडवेना. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "याला जरा आत आणा हो, भिया. मला आता उचलवत नाही."